उजव्या हाताकडची अक्षरं

अब्बांनी पंचायत समितीच्या कचेरीत ३१ वर्षं कारकुनी केली. सुरुवातीची वर्षं टाइपरायटरवर गेली, मग कॉम्प्युटर आला. वयाची पंचेचाळिशी उलटलेले इतर कारकून नव्या यंत्रापासून लांब पळत होते, तेव्हा अब्बांनी तीन महिन्यांत इनस्क्रिप्ट शिकून घेतलं. पुढे निवृत्तीनंतरही आमच्या मिरजेच्या घरी माणसांची ये-जा सुरूच राहिली. कुणाला रेशनकार्डाचा अर्ज हवा असायचा, कुणाला निकाहच्या कार्डाचा मराठी मजकूर, कुणाला कब्रस्तानच्या कुंपणासाठी नगरसेवकाला पत्र. अब्बा खिडकीबाहेर बघत टाइप करायचे. कीबोर्डकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. पाहून उपयोगही नव्हता, कारण त्याच्यावर फक्त इंग्रजी अक्षरं छापलेली होती.

घरात आम्ही दखनी बोलतो. अब्बा लिहितात मात्र मराठीत, आणि तेही कचेरीतली शुद्ध मराठी. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना जेवण जात नाही.

दोन वर्षांपूर्वी, रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. जीभ जड झाली, पण डोकं आणि शब्द शाबूत राहिले. उजवा हात मात्र गेला. तो मांडीवर ठेवलेल्या सामानासारखा पडून असतो.

कॉम्प्युटरचं काम मी करतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना वाटलं की हा काहीतरी करेल. मलाही तसंच वाटलं. मी आधी बोलून टाइप करायची सोय लावून दिली. जड जिभेचे शब्द यंत्राला कळेनात. अब्बांनी "पत्र" म्हटलं की भलतंच काही उमटायचं. मग पडद्यावरचा कीबोर्ड आणून माऊस डाव्या हाताला दिला. एकेका अक्षरावर बाण नेऊन टिचकी मारायची. दोन ओळींनंतर अब्बांनी माऊस बाजूला सारला.

शेवटी मी सगळ्यात सोपा मार्ग धरला. अब्बांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे. त्यावर एक्स-डू-टूल नावाचं छोटं हत्यार चालतं. त्याला सांगितलं की ते खोटी बटणं दाबतं. खोटी म्हणजे काय, तर बोट कुठेच हलत नाही, पण समोरच्या खिडकीला वाटतं की कुणीतरी कीबोर्डवर टाइप करतंय. माऊसही तसाच हलवता येतो, टिचकीही मारता येते. मी वरच्या रांगेतल्या एफ-बटणांना तयार वाक्यं बांधून दिली. एफ-१ दाबलं की "मी बरा आहे. काळजी नसावी." एफ-२ वर दुखवट्याचा मजकूर, एफ-३ वर मुबारकबाद, एफ-४ वर अब्बांचं पूर्ण नाव आणि पत्ता. एक बोट, एक टिचकी, की पूर्ण संदेश जायचा. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. अब्बांनी दोन-चार वेळा एफ-१ दाबलं आणि मान हलवली. मी समजलो, पसंत पडलं.

त्यानंतर महिनाभराने अब्बांचे कचेरीतले जुने सहकारी वारले. दोघांनी बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला होता. बातमी सकाळी व्हॉट्सॲपवर आली तेव्हा अब्बा झोपले होते. रक्तदाब वाढू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी ठरवलं की एवढ्यात सांगायचं नाही. पण अब्बांकडून काहीच गेलं नाही तर त्या घरचे लोक काय म्हणतील? व्हॉट्सॲप त्याच कॉम्प्युटरवर उघडं होतं. मी एफ-२ दाबलं. अब्बांच्या नावाने, अब्बांच्या खात्यावरून चार ओळींचा दुखवटा एका सेकंदात निघून गेला.

तीन दिवसांनी त्या सहकाऱ्यांच्या मुलाचं उत्तर आलं : "काका, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. तुम्ही या अवस्थेत स्वतः लिहिलंत, तिला फार धीर आला." हे उत्तर वाचलं अब्बांनी. डाव्या हाताने माऊस धरून ते वर सरकत गेले. स्वतःच्या नावाचा संदेश त्यांनी पाहिला. आपला दोस्त गेल्याची बातमी त्यांना आपणच पाठवलेल्या दुखवट्यातून समजली.

मी ऑफिसातून आलो तेव्हा ते खुर्चीतच होते. पडद्याकडे बोट दाखवून, एकेक शब्द ओढत म्हणाले, "मैं... नै... लिख्या ये."

मी माफी मागितली. तुमच्या तब्येतीसाठी केलं, अब्बा, असंही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. अम्मीने नजरेनेच मला गप्प बसायला सांगितलं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी कॉम्प्युटर बंद करायला गेलो. एक कोरं पान उघडं होतं आणि त्यावर एकच ओळ होती : "विनींना नम". त्या 'नम'पुढे एक पाय मोडायची खूण आणि टिंबाटिंबांच्या रिकाम्या वर्तुळाला चिकटलेला एक काना. मला आधी काहीच उलगडलं नाही. मग लक्षात आलं आणि मी तिथेच बसलो. अब्बांनी "वहिनींना नमस्कार" लिहायला घेतलं होतं. सवयीप्रमाणे दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले होते. डाव्याने आपली बटणं दाबली, उजव्याच्या वाटची राहून गेली. ह गेला, स गेला, क गेला, र गेला.

ज्यांनी इनस्क्रिप्ट वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मांडणी भारत सरकारने १९८६ साली प्रमाण म्हणून ठरवली. तिची युक्ती फार सुंदर आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक सगळी उजव्या हाताला. मराठी लिहिताना व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा असं चालतं, त्यामुळे दोन्ही हात पाळीपाळीने पडतात आणि लिहिण्याला लय येते. पण हीच युक्ती उजवा हात गेलेल्या माणसाच्या मुळावर येते. त्याच्याकडे उरतात मात्रा, आणि खालच्या ओळीत डाव्या बाजूला चुकून राहिलेली व्यंजनं : म, न, व आणि शिफ्टवरचा ण. तेवढ्यात काय लिहिता येतं? मी. मन. मान. नाव. ईमान. मौन.

तुम्ही म्हणाल, डावा हात पलीकडे नेऊन एकेक बटण दाबता येईल की. मीही दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं. "अब्बा, ब कुठे आहे?" असं विचारलं. अब्बांनी कीबोर्डकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्यांना सांगता आलं नाही. एवढी वर्षं रोज ब लिहिणाऱ्या माणसाला ब कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या उजव्या तर्जनीला ठाऊक होतं, आणि ती झोपलेली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सतार करणाऱ्यांचं एक घर आहे. मिरजेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तिथले चाचा अब्बांना भेटायला आले तेव्हा मी त्यांना ही अडचण सांगितली, नुसती सांगायची म्हणून. ते म्हणाले, "डावखुरा गिऱ्हाईक आला की आम्ही सतार उलटी बांधतो. आरशात बघितल्यासारखी. राग काय बदलत नाही."

आरसा. चाचा चहा पिऊन गेले, माझ्या डोक्यातून तो शब्द जाईना.

शोधल्यावर कळलं की ही कल्पना आधीच कुणीतरी करून ठेवली आहे. कॅनडातले एडगर मटियास यांनी अर्धा कीबोर्ड तयार केला होता, आणि १९९३ साली स्कॉट मॅकेन्झी व विल्यम बक्स्टन यांच्यासोबत त्यावर शोधनिबंध मांडला होता. त्यामागचा विचार असा : दोन्ही हातांनी टाइप करणाऱ्या माणसाचा डावा हात उजव्याची कामं आरशातल्यासारखी उलटी करून करू शकतो. उजव्या तर्जनीचं काम डावी तर्जनी करते, उजव्या करंगळीचं काम डावी करंगळी. नवं काही पाठ करायचं नाही. एका हाताला येतं ते दुसऱ्याने उचलायचं. अंगठ्याने स्पेस दाबून धरला की डावी बाजू उजवी होते, सोडला की पुन्हा डावी.

हे लिनक्सवर करण्यासाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही. कीबोर्डच्या आत अक्षरं नसतातच, फक्त नंबर असतात. तुम्ही वायचं बटण दाबता तेव्हा लिनक्सच्या गाभ्यापर्यंत '२१ दाबलं' एवढीच खबर पोहोचते, सोडलं की '२१ सोडलं'. तो नंबर म्हणजे इंग्रजी वाय की मराठी ब, हे नंतर वरच्या मजल्यावर मांडणी ठरवते. म्हणजे खालच्या मजल्यावर, नंबर वर जायच्या आधीच, कुणी उभं राहून ते बदलले तर वरच्यांना पत्ताही लागत नाही. हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव की-डी. अम्मीला ते किड्या-मुंग्यांपैकी वाटलं. तो खरा कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेतो, त्याचे नंबर दुसऱ्या कुणाला वाचू देत नाही, आणि यू-इनपुट नावाच्या सोयीतून एक आभासी कीबोर्ड उभा करून बदललेले नंबर त्यातून पुढे सोडतो.

मी एक साधी मजकूर-फाइल लिहिली. स्पेस नुसता दाबून सोडला तर स्पेसच. स्पेस धरून दुसरं बटण दाबलं तर आरसा. टीच्या जागी वाय, आरच्या जागी यू, ईच्या जागी आय, अशा पंधरा जोड्या. म्हणजे स्पेस धरून २० दाबलं की पुढे २१ जाणार, आणि पडद्यावर ब येणार. उजव्या टोकाची जी बटणं डावीकडे जोडीला सापडत नव्हती त्यांना टॅब आणि कॅप्स-लॉकच्या जागा दिल्या, ड आणि ट तिथे बसले. शिफ्ट दाबून धरावा लागू नये म्हणून एकदा टिचकी मारली की पुढच्या एका अक्षरापुरता तो टिकेल असं केलं. बोट उचलायला उशीर झाला की "ममममम" उमटायचं, म्हणून अक्षर आपोआप पुन्हा येणं बंद केलं. माऊससाठी वेगळं काही लागलं नाही. उजवी-डावी टिचकी अदलाबदल करायची सोय सेटिंगमध्ये असतेच.

पहिल्या रात्री माझी फाइल चुकली आणि कीबोर्डने साफ असहकार पुकारला, पासवर्डसुद्धा टाइप होईना. कुणी हे करून बघणार असेल तर एक लक्षात ठेवा : बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर ही तिन्ही बटणं एकत्र दाबली की की-डी बंद पडतो आणि कीबोर्ड पूर्ववत होतो. मला हे दोन तासांनी समजलं.

अब्बांना मी फार समजावलं नाही. डावा हात त्याच्या नेहमीच्या जागी ठेवायला सांगितला आणि म्हटलं, "अंगठा दाबून ठेवा, आणि उजव्या हाताने करत होता तेच याने करा." ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मग डोळे मिटले. अंगठा खाली गेला, तर्जनी वर सरकली. पडद्यावर ब आला.

मग त्यांना गंमत सापडायला लागली. त आणि एक मात्रा एकाच बटणावर आले होते. अंगठा धरून दाबलं की त, सोडून दाबलं की मात्रा, झालं "ते". ह आणि दीर्घ वेलांटी एकाच बटणावर, झालं "ही". ग आणि काना, झालं "गा". हे शब्द ते पुन्हापुन्हा लिहीत बसले, शाळेतल्या पोरासारखे. अम्मी शेजारी उभी होती. मी तिला सांगितलं की अम्मी हा शब्द आरशाशिवाय, नुसत्या डाव्या हाताने लिहिता येतो. अब्बा लिहायला मात्र दोनदा आरसा लागतो. तिला इतका आनंद झाला की ती शेजारणीला सांगून आली. आणि अब्बांना म्हणाली, "देखो, मेरा नाव एक हातसे आता, तुमारा नै आता!" झटक्यानंतर अब्बांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मटियास यांच्या चाचणीत लोकांना दोन्ही हातांच्या निम्म्या वेगापर्यंत पोहोचायला साधारण आठ तास लागले होते. ती धडधाकट माणसं होती. अब्बांना आठ तासांत एक परिच्छेद जमला. मी घाई केली नाही. एकदा घाई करून बघितली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ते पत्र लिहिलं. सकाळच्या चहानंतर बसले ते जोहरच्या अजानपर्यंत. सात ओळी. मला प्रिंट काढायला बोलावलं तेव्हा मी वाचलं. वहिनींना नमस्कार होता. दोस्ताची आणि डब्याची आठवण होती. आणि मध्ये एक वाक्य होतं, ज्याने माझी मान खाली गेली : आधीचा संदेश माझा नव्हता, तो माझ्या मुलाने पाठवला होता, त्याचा हेतू चांगला होता, पण मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, म्हणून हे पत्र. शेवटी लिहिलं होतं, "काळजी घ्या."

या ळ विषयी सांगायला हवं. आमच्या घरच्या बोलीत ळ जवळजवळ नाहीच. शाळेत आम्हा पोरांची चेष्टा व्हायची ती याच अक्षरावरून. कचेरीत अब्बांच्या मागे कुणी "तुमच्यात ळ म्हणता येत नाही" असं बोललं होतं, ते त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं. आता ळ साठी अंगठ्याने स्पेस धरायचा, करंगळीने शिफ्टला टिचकी द्यायची आणि तर्जनी खाली ओढून बी दाबायचा. एका अक्षराला तीन हालचाली, त्याही दुखणाईत हाताने. एफ-१ वर "काळजी नसावी" मी तयार करून ठेवलंच होतं. त्यांनी ते दाबलं नाही. ल वर भागवलंही नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. एक्स-डू-टूल काय, की-डी काय, दोघेही खोटी बटणंच दाबतात. कॉम्प्युटरला त्यातला फरक कळत नाही. त्याला बोट दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. पण एकाच्या मागे अब्बांचं बोट होतं आणि दुसऱ्याच्या मागे माझं. की-डीने अब्बांच्या प्रत्येक टिचकीचा अर्थ बदलला, पण टिचकी अब्बांचीच राहिली. एफ-२ ने त्यांच्या नावावर माझी टिचकी खपवली. आपल्याकडे नियत या शब्दाला किती वजन आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलो. माझी नियत चांगली होती, यात शंका नाही. पण अब्बांच्या दुखवट्याला माझी नियत चालणार नव्हती. तिथे त्यांची लागत होती.

दुखण्यात असलेल्या माणसाला मदत करताना हा फरक पुसट होतो. मी त्यांच्या वतीने बोलायला लागलो, त्यांच्या वतीने ठरवायला लागलो, आणि ते मानही हलवत होते. मला वाटलं होतं ती संमती आहे. ती थकवा होता.

एफ-बटणांवरची वाक्यं काढून टाकायला मी बसलो तेव्हा अब्बांनी हात धरला. एफ-४ राहू दे म्हणाले. त्यावर त्यांचं नाव आणि पत्ता आहे.

"वो चलता," ते म्हणाले. "पता तो मेराच है."

आता पुन्हा लोक यायला लागलेत. परवा एक बाई शिधापत्रिकेतलं नाव दुरुस्त करण्याचा अर्ज घेऊन आल्या. अब्बांनी त्यांना सांगितलं, दोन दिवसांनी या. आधी हे काम पंधरा मिनिटांचं होतं. बाई कुरकुर न करता गेल्या. अब्बा खिडकीकडे तोंड करून बसले, अंगठा स्पेसवर ठेवला आणि बाहेर बघत टाइप करू लागले.